भिंतीची ओल तपासायला पिनवाला मॉइश्चर मीटर घ्यावा का? किती टक्के आले तर भिंत ओली समजायची?

मीटर जरूर घ्या, पण भिंतीवर दिसलेल्या आकड्याला टक्के म्हणू नका. माझा सुतारकामाचा कारखाना आहे, हा मीटर माझ्या रोजच्या हातातला. त्याच्या दोन पिनांमध्ये विजेला किती अडथळा होतो तेवढंच तो मोजतो आणि लाकडासाठी बनवलेल्या कोष्टकावरून पाण्याचा आकडा दाखवतो. लाकडात साधारण 7 ते 28 टक्क्यांपर्यंत त्याच्यावर भरवसा ठेवावा. गिलावा, वीट, जांभा यांत तोच आकडा एवढंच सांगतो की इथून वीज सहज जाते. वीज पाण्यामुळे जाते तशी क्षारांमुळेही जाते.

आमच्या रत्नागिरीकडच्या घरात याच आकड्यावरून भांडण झालं. मागच्या खोलीची भिंत जांभ्याची, खालचे दोन-तीन फूट लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागलेला, पावसाळ्यात गिलाव्याचे पोपडे पडायचे. वॉटरप्रूफिंगवाल्यांचा माणूस आला, पिना टोचल्या, लाल दिवा लागला. लगेच निदान: जमिनीतून ओल चढतेय, भिंतीत भोकं पाडून केमिकल भरावं लागेल. दादा म्हणाला, "मशीन कशाला खोटं बोलेल?"

मी त्याच भिंतीतल्या दाराच्या सागवानी चौकटीच्या बुडाशी, जमिनीलगत, पिना रोवल्या. आकडा आला 17. भर पावसाळ्यात कोकणात सुकं लाकूडही हवेतून एवढं पाणी घेतंच. जमिनीतून खरंच पाणी चढत असतं तर चौकटीचं बूड 25 च्या वर गेलं असतं.

मग भिंतीला ड्रिल मारून पृष्ठभागावरची आणि खोलातली भुकटी वेगवेगळी घेतली. सोनाराच्या काट्यावर वजन केलं, 105 अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये सुकवली, परत वजन केलं. वरच्या भुकटीचं वजन बरंच उतरलं, आतलीचं जवळजवळ नाही. चढती ओल असती तर भिंत आतूनही भिजलेली निघाली असती. वर ओली आणि आत कोरडी म्हणजे पाणी हवेतलं.

त्या खोलीत वर्षानुवर्षं आंब्याच्या बागेची खताची पोती भिंतीला टेकवलेली असायची. भिंतीत मुरलेला त्या खतातला पोटॅशचा क्षार हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच पाणी ओढतो, आणि आमच्याकडे आषाढ-श्रावणात हवा तेवढी दमट असतेच. अशा भिंतीत केमिकल भरून काय होणार? पोती हलवली, गिलावा चिऱ्यापर्यंत खरवडला, लोणा कोरड्या ब्रशने झाडला (धुतला की तो परत आत मुरतो) आणि चुन्याचा गिलावा केला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की भिंतीसाठी ठरलेला आकडा नाही. घरातल्याच, तशाच गिलाव्याच्या खात्रीने कोरड्या भिंतीचं रीडिंग घ्या आणि त्याच्याशी तुलना करा. भिंतीवर खडूने चौकोन आखून तीच जागा महिन्या-महिन्याने तपासा. ओल कुठे सुरू होते, कुठे संपते, वाढते की घटते, हे मीटर उत्तम सांगतो. खोलातलं बघायचं तर फक्त टोक उघडं असलेल्या, बाकी आवरण असलेल्या लांब पिना घ्या. साध्या पिनांना वरचा ओला थरच फसवतो. लाकडात पिना रेषांच्या दिशेने लावा. भिंतीला धातूचा कागद किंवा आत जाळी असेल तर रीडिंग सोडून द्या. जिप्समचा किंवा पीओपीचा गिलावा 105 अंशांवर सुकवू नका, त्याच्या घडणीतलंच पाणी उडतं आणि हिशेब चुकतो. 40 अंश पुरे.

आणि पिना टोचून लगेच कोटेशन काढणाऱ्याला आधी चौकटीच्या बुडाशी टोचून दाखवायला सांगा. दादा अजून म्हणतो की भिंत उन्हाळ्याने वाळली. मग त्यानंतरच्या पावसाळ्यांत गिलावा का फुगला नाही, हे त्यानेच सांगावं.