घराचा विमा : आकडा नेमका कशाचा धरायचा?

प्रश्न : आम्ही नुकतंच स्वतंत्र घर घेतलंय, जागेसकट. बँकेने इमारतीचा विमा काढायला सांगितलाय. विमा कंपन्यांचे दोन कोट (म्हणजे प्रीमियमचे अंदाज) आलेत, एकात घराच्या पूर्ण खरेदी किमतीचा विमा धरलाय, दुसऱ्यात फक्त कर्जाएवढा, म्हणून तो बराच स्वस्त पडतोय. नवरा म्हणतो स्वस्तातला घेऊ, बँकेत कागद गेला की झालं. काय करावं?

उत्तर : ताई, खरं सांगू का, दोन्ही आकडे चुकलेत. खरेदीच्या किमतीत जमिनीचे पैसे आलेत आणि जमीन काही जळत नाही, तिच्यावर प्रीमियम कशाला भरायचा? आणि कर्जाएवढा विमा काढला तर बँक सुटेल, तुम्ही नाही सुटणार, कारण कर्ज दर महिन्याला कमी होतं आणि बांधकामाचा खर्च वाढत जातो.

तुम्हाला हवा तो आकडा म्हणजे हे घर उद्या पार जमीनदोस्त झालं तर आहे तसंच परत उभं करायला लागणारा खर्च. बांधकामाचं क्षेत्रफळ घ्या, त्याला तुमच्या भागात आज चालू असलेल्या बांधकामाच्या दराने गुणा, आणि मग लोक नेहमी विसरतात ते त्यात घाला, म्हणजे राडारोडा उचलायचा खर्च, आर्किटेक्ट आणि इंजिनीयरची फी, परवानग्या, कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी. घर जुनं असेल, दगडी किंवा सागवानी काम असेल तर हा आकडा बाजारभावाच्याही वर जाऊ शकतो, म्हणून अंदाजपंचे न करता एखाद्या इंजिनीयरकडून लिहून घ्या.

आता हे नवऱ्याला वहीवर मांडून दाखवा. समजा घर परत बांधायला 100 लागतात आणि तुम्ही विमा काढलाय 60चा. आग लागली, फक्त स्वयंपाकघर गेलं, नुकसान 20चं. तुम्हाला वाटणार 60चा विमा आहे म्हणजे 20 आरामात मिळतील. पण बऱ्याच पॉलिसींत प्रमाणाची अट असते, विमा 60 टक्केच काढलाय म्हणून नुकसानही 60 टक्केच भरणार, म्हणजे हातात 12. उरलेले 8 तुमच्या खिशातून. काही पॉलिसींत ही अट माफ असते, तसं असेल तर कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आणि दोन कोट शेजारी ठेवून आणखी दोन गोष्टी बघा. एक, क्लेम घसारा (म्हणजे वस्तू जुनी झाल्याने घटलेली किंमत) कापून देणार की नव्याने बांधायचा पूर्ण खर्च देणार? घसारा कापला तर वीस वर्षांच्या छपराचे जे पैसे येतील त्यात नवं छप्पर होत नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये कंपनी देत नाही, तुम्हालाच भरावी लागते ती सुरुवातीची रक्कम. स्वस्त पॉलिसी कितीदा तरी याच एका आकड्यामुळे स्वस्त झालेली असते. घर बांधून होईपर्यंत भाड्याने राहायचा खर्च मिळतो का हेही विचारून घ्या, महिनोन् महिने लागतात त्याला.

प्रश्न : बाथरूमच्या भिंतीला बरेच दिवस ओल आहे, पोपडे पडतायत. विमा आहेच तर क्लेम टाकू का?

उत्तर : मिळायची शक्यता फार कमी आहे. हे मी स्वतः भोगलंय म्हणून एवढं ठामपणे सांगतोय. माझ्या घरी सिंकखालच्या पाइपचा एल्बो झिरपत होता, कळलं तेव्हा मागच्या भिंतीचा गिलावा सुटला होता. नुकसान तपासणारे विमा कंपनीचे सर्व्हेयर आले, खाली वाकले, कपाटाच्या प्लायला नुसतं बोट लावलं तर त्याचे पापुद्रे हातात आले. मग टॉर्च मारून जॉइंटभोवतीचं हिरवं कडं दाखवलं आणि म्हणाले, हे एका दिवसाचं नाही. क्लेम नामंजूर. खूप राग आला, पण घरी पॉलिसी उघडली तर हळूहळू झिरपून झालेलं नुकसान धरणार नाही असं तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. मला विकताना पहिलंच पान दाखवलं होतं, आणि पुढचं मी मागितलं नाही याचं वाईट अजून वाटतं.

विमा असतो तो अचानक घडलेल्या गोष्टीला. पाइप फुटला, पाणी धो धो आलं, तर क्लेम बसतो (बहुतेक वेळा भिंत-फरशीचे पैसे मिळतात, फुटलेल्या पाइपचे नाही). झीज, गंज, वाळवी, मुळातलंच खराब बांधकाम हे सहसा बाहेर. म्हणून काय मिळणार नाही ते पान आधी वाचा, सही त्यानंतर. गळती शोधायला टाइल्स फोडाव्या लागल्या तर तो खर्च धरतात का, पूर, भूकंप आणि पाया खचणं मूळ पॉलिसीत आहे की वेगळे पैसे भरून घ्यायचं, आणि घर सलग किती दिवस बंद राहिलं की संरक्षण कमी होतं, तेही तिथेच कळेल. काही ठिकाणी 30 दिवस असतात, काही ठिकाणी 60. दोन-दोन महिने बाहेर राहणाऱ्यांनी हे बघायलाच हवं.

तुमच्या ओलीसाठी मात्र आज प्लंबर बोलवा. थांबलात तर पुढे खरंच पाइप फुटला तरी जुनीच गळती म्हणून वाद होईल.

प्रश्न : फॉर्मवर भिंती-छप्पर कशाचं, घरात धंदा चालतो का असं विचारलंय. मागची खोली पत्र्याची आहे आणि पुढे मी क्लासेस घेते. एजंट म्हणतो, सोडून द्या, प्रीमियम वाढेल.

उत्तर : अजिबात सोडू नका! हा प्रश्न आगीच्या विम्याएवढाच जुना आहे. 1666च्या लंडनच्या आगीत तेरा हजारांच्या वर घरं गेली, त्यानंतर 1680च्या सुमाराला निकोलस बार्बन या बांधकाम व्यावसायिकाने तिथे आगीचा विमा सुरू केला, आणि तेव्हाच लाकडी घराचा दर विटांच्या घराच्या दुप्पट ठेवला होता. घर कशाचं आहे यावरच जोखीम ठरते, त्यामुळे तुम्ही लपवलेली पत्र्याची खोली क्लेमच्या दिवशी सर्व्हेयरला दारातूनच दिसणार, आणि मग प्रश्न एका खोलीचा राहत नाही, पूर्ण क्लेम अडकू शकतो. एजंट तेव्हा शेजारी उभा नसेल, सही तुमची आहे. क्लासेसचं पण लिहा, नंतर भाडेकरू ठेवलात किंवा वर मजला चढवलात तर तेही कळवा.

प्रश्न : आमचा फ्लॅट आहे, इमारतीचा विमा सोसायटीने काढलाय. वेगळा लागेल का?

उत्तर : आधी त्या पॉलिसीची कॉपी मागून घ्या. रक्कम पूर्ण इमारत परत बांधायला पुरेशी आहे का आणि तुमच्या फ्लॅटच्या आतली फरशी, किचनचा ओटा, बसवलेली कपाटं त्यात धरलीत का, एवढं तपासा. धरली नसतील तर तेवढ्यापुरता स्वतःचा विमा काढा. तीच गोष्ट दोनदा विमा करून पैसे दोनदा मिळत नाहीत. आणि आजच मोबाइलवर प्रत्येक खोलीचा, छताचा, ओट्याखालचा व्हिडिओ काढून घराबाहेर कुणाकडे तरी पाठवून ठेवा, पॉलिसीच्या फोटोसकट.