एफडी तर तुम्ही आधीच मोडताय, काका

लातूरच्या आडत बाजारात चाळीस वर्षं मुनीम असलेल्या, ६९ वर्षांच्या काकांचं पत्र आहे. प्रोस्टेट वाढलंय, रात्री पाच वेळा उठावं लागतं, कॅन्सर नाही हे तपासून झालंय. लातुरात दुर्बिणीच्या ऑपरेशनचे ७० हजार, पुण्यात वाफेच्या उपचाराचे सव्वादोन लाख सांगितलेत. 'वाफेसाठी एफडी मोडू का? तसं आजारपण पॉलिसीत बसतंय, बँकेतले साहेब म्हणले होते.'

काका, विचारलंत ते आधी उरकतो. दोन्हीकडे काम उष्णतेचंच. दुर्बिणीतून विजेवर तापलेल्या तारेनं वाढलेला भाग खरवडून काढतात. वाफेत सुईवाटे नऊ-नऊ सेकंद वाफ सोडतात, तो भाग मरतो आणि शरीर त्याला सावकाश जिरवतं. त्यामुळे गुणही सावकाश येतो. पुरता फरक पडायला तीनेक महिने, आणि सुरुवातीचे काही दिवस लघवीची नळी. महाग, कारण वाफ सोडायचं उपकरण एका रुग्णानंतर टाकूनच द्यावं लागतं. दुर्बिणीनंतर बहुतेकांचं वीर्य उलटं मूत्राशयात जातं, वाफेनंतर ते क्वचित होतं. त्यासाठी दीड लाख जास्त मोजायचे का, हे तुम्ही आणि काकू ठरवा. नुसतं 'नवीन आहे' म्हणून नको. १९९६ साली अमेरिकेत परवानगी मिळालेली मायक्रोवेव्हची पद्धतही तेव्हा नवीनच होती. आज ती मागे पडलीय.

आता पॉलिसी. कागदांचे फोटो पाठवलेत, बरं केलंत. हा आरोग्य विमा नाहीच, हप्ते भरून मुदतीअखेर रक्कम देणारी बचतीची पॉलिसी आहे! आजारपण म्हणजे पान नऊवर बारीक अक्षरात कॅन्सर, हार्ट अटॅक अशी पाच नावं. प्रोस्टेट त्यात नाही.

आणि शेवटी सहज लिहून गेलात, 'हप्त्याला दरवर्षी एक एफडी मोडतो.' पेन्शन नाही, एफडी उरल्या ८ लाखांच्या. हप्ता १ लाख २० हजार, असे सात बाकी, म्हणजे ८ लाख ४० हजार. आयुष्यभर दुसऱ्याची खतावणी जुळवलीत, स्वतःची कशी राहिली? १२ लाख भरून पंधरा वर्षांनी, तुमच्या ८१व्या वर्षी, २० लाख. साहेब 'पैसे डबल' म्हणाले ते हे, वर्षाला जेमतेम पाच टक्के. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के देतेय, व्याज दर तिमाहीला हातात.

पण चिडून सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडू नका. भरलेल्या ३ लाख ६० हजारांतले हमीचे ३५ टक्के, म्हणजे सव्वा लाखच हाती येतील. हप्ते थांबवून पॉलिसी 'पेड-अप' करा. दहातले तीन भरलेत, तेव्हा मुदतीअखेर सहा लाखांच्या आसपास मिळावेत. आकडा कंपनीकडून लेखी घ्या. साहेबांचे फोन येतील, येऊ द्या.

ऑपरेशनचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा, दुर्बिणीचं ऑपरेशन बसलं तर ते ७० हजारही वाचतील. लघवी पूर्ण अडली किंवा किडनीचा रिपोर्ट बिघडला, तर मात्र कागदांसाठी थांबू नका.

चौथा हप्ता १४ तारखेला खात्यातून आपोआप कापला जाणार आहे. तो थांबवायचा अर्ज सोमवारीच बँकेत द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.