अमृतसर पाहून झाल्यावर पंजाबात कमी परिचित असे काय पाहावे?

सुवर्णमंदिर आणि वाघा सीमा पाहून बहुतेक प्रवासी परततात. आपण मात्र सवड काढून गुरदासपूर जिल्ह्यातील घुमानला अवश्य जावे, कारण परंपरेनुसार संत नामदेवांचा उत्तरकाळ तेथेच गेला, त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत आणि २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही याच गावी भरले होते. बियासकाठच्या गोइंदवाल येथे शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांनी बांधवून घेतलेली ८४ पायऱ्यांची बावली, म्हणजे पायविहीर, आहे. एकेका पायरीवर जपजी साहिब या शीख प्रार्थनेचा पाठ करणारे भाविक आणि खालचे शांत पाणी पाहताना मन खरोखर स्थिरावते. तेथे घाई करू नये. नदीपलीकडे कपुरथळ्याची मूरिश (मोरोक्कोकडील शैलीची) मशीदही आहे. गुरुद्वारांत डोके झाकण्यासाठी रुमाल जवळ ठेवावा.