टाळांचा जोड कसा जमतो?

मागच्या अंकात तापीकाठच्या एका गावातल्या टाळ-झांजांच्या भट्टीविषयी मी अर्धं पान लिहिलं होतं. हाताने टाळ घडवणारं तिथे एकच घर उरलंय, म्हातारे आप्पा आणि त्यांचे दोन पुतणे, मी तिथे अधूनमधून जाऊन बसतो, आणि तिथे झांज लाल करून पाण्यात बुडवली की ती लवचीक होते, एवढंच त्यात होतं. त्यावर पत्रांचा गठ्ठाच आला. बहुतेकांनी आधी पत्ता मागितलाय. तो छापणार नाही. आप्पांची अट आहे: "मास्तर, लिखा, पन नाव नका टाकू. लोक येतस, भाव करतस, आन घाई करतस." ज्यांना खरोखर टाळ घडवून घ्यायचेत त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर लिहावं, मी आप्पांना विचारून कळवीन. बाकी प्रश्नांची उत्तरं खाली देतो.

आमच्या भजनी मंडळाला आषाढीच्या आत टाळांचे नवे जोड घ्यायचे आहेत. दुकानातून न घेता भट्टीवर जाऊन घडताना पाहावेत, असं मंडळींच्या मनात आहे. कधी जावं आणि काय पाहावं?
*– एक टाळकरी, पारोळा*

पहाटे पाचच्या आत पोचा. आठला गेलात तर झाडलोट पाहून परत याल. भट्टी पहाटे पेटते त्याचं एक कारण तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडचा मे महिना तुम्हीही सोसताच. पण आप्पा पौषातही पहाटेच पेटवतात. तापलेल्या धातूचा रंग अंधारात खरा कळतो. उजेडात मंद लाल धातू काळाच दिसतो, आणि काळ्या पडलेल्या काशावर घण बसला की ती झांज मोडीत गेली म्हणून समजा. त्या शेडच्या एकुलत्या खिडकीला गोणपाट लावलंय ते यासाठीच. मला आधी ती गरिबी वाटली होती!

तिथे दोन तऱ्हेचं काम चालतं. गळ्यात अडकवायचे जाड, खोल वाटीचे पितळी टाळ ओतीव असतात. काकवी कालवलेल्या वाळूत साचा दाबायचा, पितळ ओतायचं, थंड झालं की वाळू फोडून टाळ काढायचा आणि लेथवर चढवायचा. ते एकदा पाहिलं की पुरे. ओतताना जो पांढरा धूर निघतो तो जस्ताचा. जस्त 907 अंशांनाच उकळतं आणि तांब्याला वितळायला 1085 अंश लागतात, त्यामुळे पितळाच्या मुशीतून थोडं जस्त हवेत जातंच. तो धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. तेव्हा वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा. वर दूध पिऊन काही होत नाही, कोणी कितीही सांगो.

पाहण्यासारखं आहे ते काशाचं काम. पातळ, रुंद झांज फक्त ऑर्डर असली तरच घडवतात. किलोभर तांब्याला साधारण 280 ग्रॅम कथील. तांबं आधी वितळवतात, वर कोळशाचा थर ठेवतात म्हणजे हवा लागत नाही, आणि कथील अगदी शेवटी टाकतात. ते 232 अंशांनाच पातळ होतं, त्याला आधीपासून भट्टीत ठेवून उपयोग नाही. मग तेलाचा हात फिरवलेल्या उथळ साच्यात ओतून तळहाताएवढी, जाड चकती काढतात. खरं काम इथून पुढे.

चकती पुन्हा भट्टीत जाते. लाल झाली की आप्पा ती सांडशीत धरून ऐरणीवर आणतात आणि दोघे पुतणे समोरासमोर उभे राहून आळीपाळीने घण घालतात. भाकरी थापताना परातीत फिरते तशी आप्पा ती चकती दर घावाला थोडी फिरवतात. आठ-दहा घाव पडतात न पडतात तोच आप्पा "हां" म्हणतात आणि दोन्ही घण हवेतच थांबतात. मला चकती अजून चांगली लाल दिसत असते. आप्पांना ती विझलेली दिसते. परत भट्टी, परत ऐरण. एका झांजेला असे किती फेरे होतात ते मोजण्याच्या फंदात पडू नका, गप्पा मारत पाहा. पण धातू ऐरणीवर असताना एक अक्षर बोलू नका. एकदा आमच्याबरोबर आलेल्या एका उत्साही गृहस्थांनी नेमकं तेव्हाच "आप्पा, हा धंदा किती पिढ्यांचा?" असं विचारलं. आप्पांनी मान वर न करता सांगितलं, "पहिले रंग देख, मंग ठोक. पिढ्या मंग."

कपडे सुती, पायात बूट, तेही कोरडे. ओल्या साच्यावर वितळलेला धातू पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. काळी दिसणारी कुठलीही वस्तू गार समजून उचलू नका. एका वेळी पाच-सहा जणच जा. बाकीच्यांना चहाच्या टपरीवर बसवा, टपरी चांगली आहे.

तुम्ही लिहिलंत की झांज लाल करून पाण्यात बुडवली की ती लवचीक होते. मी वर्कशॉपमध्ये मुलांना गेली कित्येक वर्षं उलट शिकवतो: लाल पोलाद पाण्यात बुडवलं की कडक आणि ठिसूळ होतं. ही छपाईची चूक का?
*– आयटीआयमधील एक शिक्षक, भुसावळ*

चूक नाही. तुमचंही बरोबर, आप्पांचंही बरोबर. पोलादाचं तुम्ही मुलांना सांगताच. काशात कथील 20 टक्क्यांच्या वर असतं. ते हळूहळू थंड होऊ दिलं तर साधारण 520 अंशांच्या खाली त्यात कथिलाने गच्च असा एक ठिसूळ भाग तयार होऊन बसतो. त्या भागामुळेच नुसतं ओतलेलं कासं फरशीवर पडलं की काचेचे होतात तसे तुकडे होतात. लाल असतानाच पाण्यात टाकलं तर तो भाग तयार व्हायला वेळच मिळत नाही. धातू चिवट राहतो, मग थंड झाल्यावरही हलक्या हाताने थोडा ठोकून आकार सरळ करता येतो.

आजीने ज्या काशाच्या वाटीने तुमचे तळपाय घासले असतील ती वाटीही कासंच. तिला नखाने टिचकी मारा आणि शेजारी पितळी वाटीला मारा. पितळ "टण्" करून गप्प बसतं, कासं बराच वेळ बोलत राहतं. बाजारात सोनेरी रंग पाहून कासं म्हणून पितळ घेणारे पुष्कळ भेटतात. रंगावर जाऊ नका.

दुकानदाराने टाळांची जोडी दाखवली. एक जरा चढा वाटला, दुसरा उतरता. मी म्हटलं, हा जोड जमलेला नाही, सारख्या सुराचे द्या. तो हसला. कोण बरोबर?
*– वारीला जाणारा एक वाचक, मुक्ताईनगर*

फरक किती होता त्यावर आहे. किंचित असेल तर दुकानदार बरोबर. ठळक असेल तर तो तुम्हाला वेगवेगळ्या जोड्यांतले उरलेले दोन गळ्यात मारत होता.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, तरी हे मला नीट उमगलं ते आप्पांच्या ओट्यावर. समजा एका टाळाचा सूर सेकंदाला 2000 कंपनांचा आहे आणि दुसऱ्याचाही तितकाच. दोन्ही मिळून एक सरळ, सपाट आवाज येईल. आता दुसरा 2006 चा घ्या. दोन्ही सूर कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना खातात, आणि आवाज सेकंदाला सहा वेळा वर-खाली होतो. पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. भजनात तो "टाळ झुलतो" म्हणून ऐकू येतो. फरक वाढवत नेलात तर हे झुलणं इतकं जलद होतं की कान ते मोजू शकत नाही, नुसती खरखर लागते, आणि त्याच्याही पुढे दोन टाळ दोन वेगळी माणसं बोलल्यासारखे वाजतात.

आप्पांकडे जोड कसा जमवतात ते पाहायला मिळालं तर पहाटेचं जागरण वसूल. तयार चकत्यांचा ढीग समोर असतो. एकेक चकती दोरीत अडकवून लोंबती धरतात, काठावर लाकडाची काडी मारतात आणि डोळे मिटतात. ज्या दोन जवळपास वाटल्या त्या बाजूला. मग दोन्ही एकत्र वाजवून झुलणं ऐकतात. जास्त झुलत असेल तर दुरुस्ती: टाळ चढा असेल तर आतून खरवडून भिंत पातळ करायची, उतरता असेल तर काठ घासून घेर कमी करायचा. जाडी कमी झाली की सूर उतरतो, घेर कमी झाला की चढतो, आणि घेराचा परिणाम जाडीपेक्षा जोरात होतो. म्हणून काठाला कानस लावताना आप्पा दोन हात मारतात आणि लगेच ऐकतात. जास्त घासलं तर परत फिरता येत नाही. "जोड आयकाले दोन कान लागतस," ते म्हणतात, "एक मना, एक घेनाऱ्याना." म्हणूनच ते टाळ पार्सलने पाठवत नाहीत. घेणाऱ्याने समोर बसून हो म्हणायचं.

हा फरक लोकांना सगळीकडे हवाहवासा वाटला आहे. दक्षिणेत भरतनाट्यमच्या नट्टुवंगात, म्हणजे नाचाला ताल देणाऱ्या झांजवादनात, तर एक झांज पितळेची आणि दुसरी पोलादाची असते, जोड मुळातच विजोड.

तेव्हा दुकानात पुढच्या वेळी दोन्ही टाळ एकदाच हलके वाजवा आणि विरेपर्यंत थांबा. झुलणं मोजता येण्याइतकं सावकाश असेल तर घ्या. दुकानदार घाई करू लागला तर दुसरं दुकान पाहा.

नवे टाळ घरी छान वाजले, भजनात मात्र "फट्ट" असा आवाज येतो. धातू खोटा आहे का?
*– एक वाचक, चोपडा*

धातू खोटा असता तर घरीही वाजला नसता. उत्साहात तुम्ही दोन्ही टाळ तोंडातोंड सपाट आपटत असणार. मधली हवा कोंडते आणि टाळ एकमेकांना चिकटून बसतात. काठ किंचित सरकवून, तिरका स्पर्श देऊन वाजवा आणि लगेच सोडा. बोटं काठाला लागता कामा नयेत. टाळाचा काठ सगळ्यात जास्त थरथरतो आणि मध्यभाग जवळपास स्थिर असतो, दोरीचं भोक मध्ये असतं ते उगीच नाही.

आमच्या महिला मंडळाला हलके टाळ हवेत. अखंड सप्ताहात मनगटं भरून येतात. दुकानदार म्हणतो, बाई, हलका टाळ वाजत नाही.
*– मंडळाच्या एक ताई, अमळनेर*

ताई, त्याच्याकडे हलके नसतील, म्हणून वाजत नाहीत. हलका टाळ दोन प्रकारे होतो. जाडी तीच ठेवून घेर कमी केला तर आवाज चढा आणि टोकदार येतो, मोठ्या मंडळात तो सगळ्यांच्या वर ऐकू येतो. घेर तोच ठेवून पातळ केला तर आवाज उतरतो आणि झांजेकडे झुकतो, तो अभंगाचे शब्द झाकतो. तुम्हाला पहिला हवा. टाळ वजनावर विकले जातात हेही ध्यानात असू द्या. जड माल खपवण्यात कोणाचं हित आहे ते तुम्हीच ठरवा.

माझा नातू पुण्यात ड्रम वाजवतो. त्याच्या एका झांजेची किंमत ऐकून मी गार झालो. तो म्हणतो तुर्कस्तानची आहे. आपल्याकडची का नाही चालत?
*– एक आजोबा, धुळे*

नातू फसवत नाही. झिल्जियन घराण्याने इस्तंबूलमध्ये 1623 मध्ये झांजांचा धंदा सुरू केला. पुढे 1929 च्या सुमारास त्या घराण्याचा धंदा अमेरिकेत सुरू झाला, पण इस्तंबूलमध्ये हाताने ठोकून झांजा करणारे आजही आहेत. धातू तोच, साधारण 80 भाग तांबं आणि 20 भाग कथील. फरक कामात आहे. ड्रमची झांज काठीने वाजवायची, एकटीच, आणि तिच्यातून एक सूर नको असतो, सुरांचा फवारा हवा असतो. म्हणून ती फार पातळ आणि अंगभर घावांची. आपल्या टाळातून एक ठसठशीत सूर हवा. आसामातल्या सार्थेबारीत काशाचे भोरताल हाताने ठोकून करतात, ते आकाराने मोठे असतात आणि नामसंकीर्तनात वाजतात. नातवाला ते एकदा ऐकायला सांगा.

काशाच्या झांजेच्या काठाला बोटभर चीर गेली. वेल्डिंग करता येईल का?
*– एक वाचक, शिरपूर*

करता येईल, पण आवाज येणार नाही. चीर जिथे संपते तिथे बारीक भोक पाडून घ्या, म्हणजे ती सहसा पुढे धावत नाही आणि काही महिने निभतात. नंतर मोड म्हणून द्या. काशाची मोड वाया जात नाही, पुन्हा मुशीत जाते.

आप्पांना कमी ऐकू येतं का? इतक्या ठोकाठोकीत माणूस जोड कसा जमवतो?
*– एक वाचक, एरंडोल*

बोलणं कमी ऐकू येतं, म्हणून मी त्यांच्या कानाशी ओरडतो. टाळ ऐकू येतो. पुतणे कानात कापसाचे बोळे घालतात, त्याने आवाज फारसा अडत नाही. मी त्यांना फोमचे इअरप्लग नेऊन दिले. धाकटा वापरतो. थोरला म्हणतो, त्यात आप्पांचा "हां" ऐकू येत नाही. तुम्ही पाहायला गेलात तर मात्र तुमचे न्याच. तुम्हाला कोणाचा "हां" ऐकायचा नाही.

दोरी कसली घ्यावी? नायलॉनची टिकाऊ म्हणतात.
*– एक वाचक, नंदुरबार*

टिकते, पण घामाने हातातून सटकते आणि गाठ सुटते. सुती, पिळाची घ्या. ओवण्याआधी भोकाच्या कडेवरून बोट फिरवा, धार लागली तर गोल कानशीने मोडून घ्या, नाहीतर सुती दोरी पंढरपूरच्या अलीकडेच तुटेल. गाठ वाटीच्या आत, बाहेर नाही.