कविता करतो पण वाद्य येत नाही, तर गाणी लिहायला आणि लक्षात राहतील अशा चाली करायला कसं शिकू?

तुम्ही लिहिलंय की मित्राने तुमच्या कवितेला चाल लावायला घेतली तर शब्द चालीत बसेचनात. आधी तेच सांगते, कारण माझी पण सुरुवात तिथेच झाली होती आणि चांगलीच फजिती झाली होती.

मी बँकेत नोकरी करते, राहते भांडुपला, गाण्याची एकही परीक्षा दिलेली नाही. पण बारा-तेरा वर्षं एकांकिकांसाठी, सोसायटीच्या गणपतीसाठी, ऑफिसात कोणी रिटायर होत असेल तर त्याच्यासाठी गाणी करतेय. पहिल्याच एकांकिकेत पावसाचं गाणं होतं. मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, "पाऊस आला, पाऊस आला". कागदावर एकदम निर्दोष. चालीत 'पाऊ' लांबवला होता आणि सम (तालाची पहिली, जोराची मात्रा) पडत होती पुढच्या अक्षरावर, आणि आठ जणांचा कोरस खच्चून ओरडला "पाऊऽऽ साला, पाऊऽऽ साला". हॉल हसून लोळला, आणि सीन होता दुष्काळाचा!

झालं काय, तर मराठीत बोलताना 'पाऊस'च्या शेवटचा अ आपण खातो, स नुसता लटकत राहतो आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की त्याला जाऊन चिकटतो. "पाऊस पडला" केलं असतं तर काही झालं नसतं. ही गोष्ट कविता वाचताना कधीच कळत नाही, तोंडाने म्हणूनच कळते. म्हणून माझ्या मते गाणं शिकायचं म्हणजे कागद बाजूला ठेवून तोंडाने लिहायला शिकायचं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता मीटर, म्हणजे ओळीचं माप. घाबरू नका, तुम्हाला ते येतंच, फक्त मोजलेलं नसतं. "सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया" हे मोजून बघा, अक्षरं 6, 6, 6 आणि 4. बोलताना 'सुंदर' आपण दोन झटक्यात म्हणतो, पण गाताना तो र पूर्ण उच्चारतो म्हणून तीन अक्षरं होतात. म्हणजे मोजायचं ते गातो तसं, बोलतो तसं नाही. दुसरी पद्धत मात्रांची, ऱ्हस्व अक्षराची 1, दीर्घाची 2, आणि जोडाक्षराच्या आधीचं अक्षर ऱ्हस्व असलं तरी बहुतेक वेळा 2.

माझंच एक उदाहरण देते, लोकलवर लिहिलेलं. पहिला ड्राफ्ट होता "गर्दीमध्ये जागा लाभली, निद्रा मात्र दूर पळाली". लाभली! निद्रा! आमच्या डब्यात असं कोण बोलतं? दोन दिवसांनी केलं "सीट मिळाली, झोप उडाली". मोजा, सी 2, ट 1, मि 1, ळा 2, ली 2, झाल्या 8. दुसरा तुकडा पण 8. केरवा हा ताल आठ मात्रांचा, धा गे ना ती न क धि न, त्याच्या एका आवर्तनात (फेरीत) एक तुकडा बरोब्बर बसतो. मांडीवर थाप मारत म्हणा, वाद्य लागतच नाही. (हो, मिळाली-उडाली हे आळशी यमक आहे. मराठीत क्रियापदं लावत गेलं की यमक फुकटात मिळतं आणि सगळी गाणी आली-गेली-झाली वर संपायला लागतात, मुखड्यात चालवून घेते, अंतऱ्यात (पुढच्या कडव्यांत) टाळते.)

चालीचं म्हणाल तर त्याच ओळीला मी सूर लावले ते असे: सीट मिळाली, ग ग रे ग प. झोप उडाली, ग ग रे ग सा. पहिले चार सूर तेच, फक्त शेवटचा बदलला. पहिल्यांदा प वर अधांतरी सोडलं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं अजून काहीतरी यायचंय, आणि दुसऱ्यांदा सा वर आणून टेकवलं. लक्षात राहणाऱ्या कित्येक चालींत हेच असतं, तेच परत म्हणायचं आणि शेवट किंचित बदलायचा. सगळं नवीन नवीन केलं की डोक्यात काहीच राहत नाही आणि जसंच्या तसं चार वेळा म्हटलं तर कंटाळा येतो. शिवाय पूर्ण मुखडा पाच-सहा सुरांत ठेवा. आरती बघा ना, पाच वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळे एका पट्टीत ओढतात (बेसूर असले तरी) आणि कडवं कोणाला येवो न येवो, "जय देव जय देव" ला आख्खी खोली एकत्र येते. हुक म्हणतात तो हाच.

मी आधी कल्याणला राहायचे तेव्हा लेडीज डब्यात भजन चालायचं. एक जण ओळ सांगायची, बाकीच्या उचलायच्या, टाळ नसेल तर डब्याच्या पत्र्यावर ठेका. ठाण्याला चढलेली नवखी बाई कुर्ला येईस्तोवर न बघता कोरस धरायची. मी अजूनही चाल केली की मनातल्या मनात तिला ठाण्याला चढवते.

ओळीच्या शेवटी सूर ताणायचा असेल तर तिथे आ, ई, ओ असलेला शब्द ठेवा. 'वाट' वर ओळ संपवून ताणून बघा, टऽऽऽ म्हणताना स्वतःलाच हसू येईल. 'वाटा' केलं की गळा मोकळा.

शब्द आधी की चाल आधी यावर भांडणात पडू नका. गीतरामायणाची 56 गाणी 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक या हिशोबाने गेली, त्यात गदिमांचे शब्द आधी आणि बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, चाल नंतर. इकडे मुंबईच्या हिंदी सिनेमात बऱ्याचदा उलटं, चाल आधी तयार असते, तिच्यावर ला ला ला किंवा काहीतरी वेडेवाकडे डमी शब्द घातलेले असतात आणि गीतकार त्याच मापाचे खरे शब्द शिवतो. तुम्हाला कविता जमतेच, म्हणून तुम्ही मुद्दाम उलटं करा. एखाद्या ओळखीच्या चालीवर स्वतःचे शब्द लिहा, रोज एक कडवं, फक्त सरावाला. आमच्या कोकणातले शक्ती-तुऱ्याचे (दोन गटांच्या सवाल-जवाबाच्या लोकगाण्याचे) शाहीर गाजलेल्या सिनेमाच्या चालींवर पदं रचतात, ती ऐका, मापात बसवणं म्हणजे काय ते तिथे कळेल. महिनाभराने चाल काढून टाका आणि तेच शब्द नव्या चालीत म्हणून बघा.

सुचलेली चाल फोनमध्ये रेकॉर्ड करा, पण सकाळी लगेच ऐकू नका. आधी आठवतेय का बघा. आठवली नाही तर ती तुम्हालाच चिकटली नाही, दुसऱ्याला काय चिकटणार.

ते लोकलचं गाणं मी माझ्या भाच्याला दोनदा म्हणून दाखवलं होतं, सातवीत आहे तो. दुसऱ्या दिवशी बूट घालताना म्हणत होता, पण चुकीचं, सा वर न येता रे वरच थांबत होता. मी दोनदा सुधारलं, तो परत तिथेच. शेवटी मीच त्याच्यासारखं म्हणून बघितलं, आणि झोप उडालेल्या माणसाला सा वर टेकवण्यापेक्षा रे वर लटकवणंच बरं वाटलं. आता गाण्यात रे च आहे.