एमसीबी पडत नाही म्हणजे सगळं ठीक आहे का?

प्रश्न: किचनमध्ये ओट्याच्या वरच्या बोर्डाला मी इंडक्शन लावते. हल्ली प्लगमधून चर्र चर्र आवाज येतो आणि काल तर निळी ठिणगी दिसली, प्लग जरा हलवून बसवला की थांबतं. इंडक्शनचा प्लग मोठा आहे म्हणून कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये घातलाय. मिस्टर म्हणतात एमसीबी पडत नाही ना, मग काळजी नको. वायरमन रविवारी येणारे, तोवर वापरलं तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नाही ताई, आजपासूनच बंद करा, एक चहासुद्धा त्याच्यावर नको. बटण चालू असताना प्लग घातला किंवा काढला की क्षणभर बारीक ठिणगी दिसते ती वेगळी, पण इंडक्शन चालू असताना आवाज येतोय आणि प्लग हलवला की थांबतोय म्हणजे आत कुठेतरी कॉन्टॅक्ट लूज आहे.

आता मिस्टरांचं म्हणणं. असं खूप घरांत म्हणतात, आणि मला खरी भीती याचीच वाटते. एमसीबी म्हणजे मीटरजवळच्या बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, तो पडतो तो शॉर्ट झाला किंवा ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला तर. लूज कनेक्शनमध्ये करंट वाढतच नाही, उलट किंचित कमीच होतो, मग एमसीबीला कळणार कसं? आरसीसीबी असेल तरी तो फक्त लिकेज पकडतो, म्हणजे करंट अर्थिंगकडे किंवा माणसाच्या अंगातून गेला तर, आणि इथे लिकेजही नाही. 2000 वॅटचं इंडक्शन 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपियर घेतं आणि त्या लूज जागी समजा अर्ध्या ओहमचा अडथळा तयार झाला तर तेवढ्याच टिचभर जागेत 38 वॅटची उष्णता निघते. साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं, त्यावर सोल्डर वितळतं, तसलं आयर्न तुमच्या बोर्डाच्या आत चालू ठेवल्यासारखं आहे हे. प्लास्टिक काळं पडतं, वायरीचं इन्सुलेशन जळतं आणि एमसीबी शांत बसलेला असतो. त्यात छोटं सॉकेट 6 अँपियरचं, म्हणजे 1380 वॅटपर्यंतचंच, तो कन्व्हर्टर आजच काढून फेकून द्या.

पुन्हा ठिणगी दिसली तर प्लगला हात लावायचा नाही, ओढायचा तर अजिबातच नाही. हात कोरडे करा, पायात चप्पल घाला, मेन स्विच बंद करा आणि मगच प्लग काढा. नुसतं बोर्डावरचं बटण बंद करून भागत नाही, कारण बऱ्याच जुन्या घरांत फेज-न्यूट्रल (करंट आणणारी आणि परत नेणारी वायर) उलटे जोडलेले असतात, मग बटण बंद असूनही सॉकेटमध्ये करंट असतो. धूर किंवा जाळ दिसला तर पाणी मारू नका, मेन बंद करून घरातल्यांना बाहेर काढा आणि 101 किंवा 112 ला फोन करा. जळका वास येत असेल किंवा बोर्ड हाताला गरम लागत असेल तर रविवारची वाट बघू नका, त्या बोर्डाचा एमसीबी खाली पाडून ठेवा आणि दुसरा लायसनवाला वायरमन मिळतो का बघा.

वायरमन आला की त्याच्यासमोर उभं राहून बोर्ड उघडायला लावा, नुसतं सॉकेट बदलून जाऊ देऊ नका. वायरीचं टोक काळं पडलं असेल तर स्वच्छ तांबं दिसेपर्यंत कापून नव्याने घट्ट बसवायचं. इंडक्शनला 16 अँपियरचं आयएसआय मार्कवालं सॉकेट, किमान 2.5 स्क्वेअर एमएमची कॉपर वायर आणि स्वतःचा वेगळा एमसीबी हवा, अर्थिंगही तपासून घ्या. हे भिंतीच्या आतल्या वायरिंगचं काम असल्याने खर्च जरा होईल, पण यात काटकसर करू नका.

आणि इंडक्शनचा प्लग बघा, पिना काळ्या पडल्या असतील तर तोही बदलाच, कारण जळका प्लग नव्या सॉकेटमध्ये घातला तर थोड्याच दिवसांत तेही जळतं.