काक्षी 'चौथा' कसा?

प्रश्न असा आला आहे: चिनी भाषेत मृगातल्या काक्षीला 'शन-श्यू-स' म्हणजे 'शन (मृगातली चिनी आकृती) मधला चौथा' म्हणतात आणि राजन्याला 'सातवा'. मृगातले सगळ्यांत ठळक तारे हेच दोन, मग त्यांचा नंबर इतका मागे का?

कारण हा नंबर तेजाचा नाहीच. जर्मन खगोलज्ञ बायरने 1603 साली ताऱ्यांना ग्रीक अक्षरं दिली ती साधारण तेजाच्या क्रमाने, म्हणून आपल्यालाही पहिला म्हणजे ठळक असं वाटतं. चिनी आकडा मात्र घरनंबरासारखा, तारा आकृतीत कुठे बसतो यावरून येतो.

'शन'चं चिन्ह पाहिलं तर कोडं उलगडतं. तेच चिन्ह 'सान' असं वाचलं की अर्थ होतो 'तीन'. हे तीन म्हणजे आपण ज्याला व्याधाने मारलेला बाण म्हणतो तेच तारे. मोजणी त्यांच्यापासून सुरू होते: एक, दोन, तीन. मग खांदे, चार आणि पाच. मग पाय, सहा आणि सात. काक्षी खांद्यावर म्हणून चौथा, राजन्य पायाशी म्हणून सातवा. त्यात मानापमान काही नाही.

अशीच गंमत ज्येष्ठेची. आपल्याकडे नावातच थोरली, चिनी यादीत मात्र 'शिन-श्यू-अर', म्हणजे 'हृदयातली दुसरी', कारण तीन ताऱ्यांच्या ओळीत ती मधली. तिचं जुनं नाव 'महाअग्नी' मला जास्त आवडतं. तिला 'शांग'ही म्हणतात. मृग मावळल्याशिवाय ज्येष्ठा उगवत नाही, म्हणून ज्यांची कधी गाठच पडत नाही अशा माणसांना चिनीत 'शन आणि शांग' म्हणतात. त्यामागची कथा दोन भांडकुदळ भावांची आहे.

मधला 'श्यू' म्हणजे नक्षत्र. अशी नक्षत्रं 28, आपली अभिजित धरून होतात तेवढीच. याच चिन्हाचा दुसरा उच्चार 'सू', अर्थ रात्रीचा मुक्काम. वसतिगृहाच्या चिनी शब्दातही तेच चिन्ह आहे.

नक्षत्रांपलीकडे छोट्या आकृत्या भरपूर. तिसऱ्या शतकात छन च्वो या चिनी खगोलज्ञाने जमवलेल्या यादीत 283 आकृत्या आणि 1464 तारे होते. आकृतीला शब्द 'शिंग-ग्वान', शब्दशः 'तारा-अधिकारी', कारण वरचं आकाश म्हणजे राजदरबारच. बादशहा, युवराज, बाजारपेठ, सगळं तिथे आहे. शशक तारकासमूहातले चार ठळक तारे म्हणजे शौचकूप, शेजारी त्याचा आडपडदा आणि खाली कपोत तारकासमूहात एकच तारा, त्याचं नाव चक्क 'विष्ठा'. दरबार म्हटला की हेही आलंच!

मोजक्या ताऱ्यांना नंबराशिवाय स्वतःची नावं आहेत. व्याध हा 'आकाशातला लांडगा', तर अगस्त्य 'म्हातारबाबा'. अभिजित 'विणकर मुलगी', पण यादीत तिलाही 'विणकर मुलगी एक' असा नंबर चिकटलेला आहेच.

नकाशात आकड्याआधी 'त्संग' दिसलं तर तो वाढीव तारा समजावा. जुन्या आकृत्यांच्या आसपासचे असे बरेच तारे 1752 च्या दरबारी सूचीत जोडले गेले. तेव्हा 'शन चार' आणि 'शन वाढीव चार' हे वेगवेगळे तारे आहेत, आणि काक्षी म्हणजे नुसता 'शन चार'.